ठिबकच्या कॉन्फिग फाइलसाठी स्वतःचा स्कॅनर लिहितोय: १९:१९:१९ हे खत की वेळ?

दिंडोरी_रोड

नमस्कार मंडळी. आमच्या भागातल्या काही द्राक्षबागांना ठिबकचा कंट्रोलर बसवलाय, आत रास्पबेरी पाय, त्याला रिले बोर्ड आणि पुढे सोलेनॉइड व्हॉल्व्ह, हार्डवेअरमध्ये नवीन काही नाही. कुठला व्हॉल्व्ह किती वाजता उघडायचा, किती वेळ चालू ठेवायचा, सोबत कुठलं खत सोडायचं हे सगळं एका टेक्स्ट फाइलमध्ये असतं आणि ती फाइल बागायतदार स्वतः बदलतात, कोणी लॅपटॉपवर तर कोणी शेतात उभं राहून मोबाइलवर.

आत्तापर्यंत यामल (सेटिंग लिहायचा एक टेक्स्ट फॉरमॅट) होतं. ते का सोडतोय ते सांगतो म्हणजे पुढचा प्रश्न कळेल. यामल १.१ मध्ये साठच्या पटीतले आकडे लिहायची सोय आहे आणि पायथनची जी नेहमीची पायवायामल लायब्ररी आहे ती अजून १.१ च्याच नियमाने चालते. त्यामुळे इंग्रजी आकड्यांत ५:३० लिहिलं की हातात येतो ३३० हा पूर्णांक, पण पुढे शून्य लावून ०५:३० लिहिलं की तेच स्ट्रिंग म्हणजे नुसता मजकूर म्हणून येतं. हे एकवेळ सांभाळता आलं असतं. पण आपल्याकडे पाण्यात विरघळणारी खतं ग्रेडने, म्हणजे नत्र:स्फुरद:पालाश टक्क्यांत, लिहितात ना, तिथे खरी गंमत संपते. १९:१९:१९ लिहिलं की ६९५५९ हा आकडा येतो. १३:०:४५ चा ४६८४५ होतो. १२:६१:० मात्र जसंच्या तसं स्ट्रिंग राहतं कारण ६१ हा साठच्या वर आहे, आणि ०:५२:३४ शून्याने सुरू होतं म्हणून तेही स्ट्रिंग. वर आणखी, हेच सगळं देवनागरी आकड्यांत टाइप केलं तर यामल त्याला आकडा मानतच नाही, सगळं स्ट्रिंग. म्हणजे शेजारी शेजारी दोन बागा, फाइल डोळ्याला सारखी, आणि आत वेगळीच व्हॅल्यू.

तर आता भाषा अशी काहीशी ठरवलीय:

```
# पूर्वेचा प्लॉट
बाग "थॉम्पसन जुनी" {
  व्हॉल्व्ह: ३
  सुरू: ५:३०
  चालू: ४५ मि
  खत: १९:१९:१९, ५ किलो
  फवारणी_इशारा: वाऱ्याचा_वेग > १५
}
```

पार्सर (तुकड्यांची रचना लावणारा भाग) छोटाच आहे, त्याची चिंता नाही. अडलंय स्कॅनरवर, म्हणजे मजकुराचे टोकन नावाचे तुकडे पाडणाऱ्या भागावर. ५:३० ही वेळ आणि १९:१९:१९ हे खत हे स्कॅनरनेच ओळखून वेगवेगळी टोकन द्यायची का? आणि मराठी की-वर्ड, मराठी नावं, दोन्ही प्रकारचे आकडे हे कसं हाताळायचं? आधी पायथनमध्ये लिहितोय, नंतर सी मध्ये न्यायचा विचार आहे.

पाथर्डी_फाटा

स्वतःची भाषा काढायच्या आधी टॉमल हा तयार फॉरमॅट बघितला का? जानेवारी २०२१ मध्ये १.० आलंय, पायथन ३.११ पासून वाचायची लायब्ररी आतच मिळते, आणि त्यात वेळ हा स्वतंत्र प्रकार आहे. खत अवतरणात टाकायचं, विषय संपला. स्वतःची भाषा काढली की तिचं डॉक्युमेंटेशन, एडिटरमधले रंग, सगळं आपल्याच गळ्यात येतं.

दिंडोरी_रोड

@पाथर्डी_फाटा बघितलं भाऊ, नीट बघितलं. टॉमल १.० मध्ये अवतरणाशिवायची की (म्हणजे डावीकडचं नाव) फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे, अंडरस्कोर आणि डॅश एवढ्याचीच चालते, म्हणजे सुरू, खत, व्हॉल्व्ह सगळं अवतरणात. वेळेला सेकंदही सक्तीचे, ०५:३०:०० असंच लिहावं लागतं. आणि मोबाइलवर अवतरण हाच मोठा त्रास आहे, कीबोर्ड आपोआप वाकडी अवतरणं टाकतो, ती कुठल्याच पार्सरला चालत नाहीत आणि वाचणाऱ्याला फरक दिसत नाही. जेसन या दुसऱ्या फॉरमॅटमध्ये तर कॉमेंटच नाही, आणि आमच्याकडे कॉमेंटमध्येच अर्धी बाग लिहिलेली असते, कुठल्या तारखेला छाटणी केली, कुठला लॅटरल (ठिबकची नळी) बंद आहे. दुसरं म्हणजे चुकीचा मेसेज. "ओळ ७ वर अमुक अपेक्षित होतं" हे मराठीत आणि बागेच्या भाषेत सांगायचं असेल तर स्कॅनर आपल्या हातात पाहिजे.

निफाडकर

मी प्रोग्रामर नाही पण ही फाइल मी रोज उघडतो म्हणून लिहितो. यांचं म्हणणं बरोबर आहे. मण्यात पाणी उतरायला लागलं की आम्ही ०:०:५० वर येतो, त्याआधी ०:५२:३४, ह्या गोष्टी आम्ही बोलताना पण अशाच बोलतो, "झिरो बावन्न चौतीस सोडलं का". त्याला अवतरणात टाका म्हटलं तर दहातले चार जण विसरणार आणि रात्रीच्या लाइटला मोटार चालू झाल्यावर कळणार. लिहिण्याची पद्धत आमची राहू द्या.

गोदाकाठ

मी कंपायलर शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर स्पष्ट आहे: स्कॅनरने वेळ आणि खत ओळखायच्या भानगडीत पडूच नये. यामलचं नेमकं तेच चुकलं, आकड्यांच्या नुसत्या चेहऱ्यावरून अर्थ ठरवला. तुम्हीही "दोन भाग असले तर वेळ, तीन असले तर खत" असा नियम स्कॅनरमध्ये लिहिलात की उद्या कोणाला सेकंदासकट वेळ द्यायची असेल तेव्हा परत तिथेच याल. ०:५२:३४ ही रात्री बारा वाजून बावन्न मिनिटं चौतीस सेकंद अशी पूर्ण वैध वेळ आहे, चेहऱ्यावरून काहीच कळत नाही. अर्थ कळतो तो डावीकडच्या कीवरून. सुरू असेल तर वेळ, खत असेल तर ग्रेड. ते काम पार्सरच्याही पुढचं.

म्हणून स्कॅनरने एकच टोकन द्यायचं, त्याला कोलनमाळ म्हणा. आकडे, मग कोलन आणि आकडे, असं एकदा किंवा जास्त वेळा. मूळ मजकूर जसाच्या तसा टोकनमध्ये ठेवायचा, पूर्णांक करायचा नाही. मग सुरू ही की ज्या फंक्शनकडे जाते त्याने बघायचं: भाग दोन आहेत का, पहिला ० ते २३, दुसरा ० ते ५९. खतवाल्या फंक्शनने बघायचं: भाग तीन, आणि बेरीज १०० च्या आत. ही टक्केवारी आहे त्यामुळे शंभरच्या वर जाणं शक्यच नाही, ०:५२:३४ ची बेरीज ८६, १२:६१:० ची ७३. टायपिंगमधली बरीचशी गडबड इथेच पकडली जाईल.

आता तुमच्या नमुन्यात एक अडचण आहे. कीच्या मागे पण कोलन आणि व्हॅल्यूच्या आत पण कोलन. स्कॅनरचा जुना नियम आहे, सगळ्यात लांब जुळेल तो तुकडा घ्यायचा, स्कॅनर बनवून देणारं लेक्स १९७५ मध्ये बेल लॅब्समध्ये लिहिलं गेलं तेव्हापासून बहुतेक साधनं तसंच वागतात. "सुरू:५:३०" ला काही होणार नाही कारण सुरू हे अक्षरांनी संपतं. पण उद्या की आकड्याने संपली, म्हणजे समजा व्हॉल्व्ह क्रमांक हीच की केली आणि कोणी "३: ५:३०" मधली स्पेस खाल्ली, तर ३:५:३० अशी एक माळ होते आणि स्कॅनर कुठलीही तक्रार न करता ती घेतो. स्पेस दिली न दिली यावर अर्थ बदलणं हे अशा फाइलमध्ये घातक आहे. कीसाठी = वापरा.

लेक्ससारख्याच फ्लेक्समध्ये स्टार्ट कंडिशन असतात, म्हणजे खत ही की दिसली की स्कॅनर वेगळ्या मोडमध्ये जातो, तसंही करता येतं. पण मग की चुकीची लिहिली गेली तर पुढचं सगळं चुकीच्या मोडमध्ये वाचलं जातं आणि मेसेज भलत्याच ओळीवर येतो. नका करू.

सातपूर_फर्मवेअर

ताईंशी पूर्ण सहमत. सी च्या बाजूने थोडं टाकतो, कारण पुढे तिकडे जाणार म्हणालात.

टोकनमध्ये मजकूर कॉपी करूच नका. पूर्ण फाइल एका बफरमध्ये, आणि टोकन म्हणजे प्रकार, सुरुवातीचा बाइट, लांबी, ओळ क्रमांक एवढंच. मॅलॉक नाही, फ्री नाही, म्हणजे मेमरी मागणं-सोडणं नाही. उद्या रास्पबेरी पाय काढून ईएसपी३२ या छोट्या चिपवर नेलंत तरी चालेल, तिथे एसरॅम (मेमरी) ५२० केबी आहे, त्यातही वायफाय आपला वाटा घेतो.

देवनागरीसाठी युनिकोडची मोठी टेबलं ओढायची गरज नाही. देवनागरीचा ब्लॉक ०९०० ते ०९७एफ, एकूण १२८ जागा, यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत प्रत्येकाला तीन बाइट. पहिला बाइट हेक्समध्ये ई०, दुसरा ए४ किंवा ए५, तिसरा ८० ते बीएफ. बस. आकडे शून्य ते नऊ म्हणजे ई० ए५ ए६ ते ई० ए५ एएफ, तिसऱ्या बाइटमधून ए६ वजा केला की अंक मिळाला. दंड आणि दुहेरी दंड हे ए५ ए४ आणि ए५ ए५, ते नावात घ्यायचे नाहीत. बाकीचा ब्लॉक नावात चालू द्या, फक्त सुरुवात मात्रेने किंवा अंकाने होऊ नये एवढं बघा.

आणि सी मधलं इजअल्फा (अक्षर आहे का सांगणारं फंक्शन) वगैरे यूटीएफ-८ च्या बाइटवर लावू नका. बऱ्याच कंपायलरवर char हा प्रकार साइन्ड (ऋण आकडेही धरणारा) असतो, ई० तिथे ऋण होतो आणि ऋण आकडा त्या फंक्शनला दिला की काय होईल याची स्टँडर्डमध्ये हमीच नाही.

कॉलेजरोड

एक शंका. पायथनमध्ये रेगेक्सने (मजकुराचा साचा जुळवून) पटकन करता येईल ना, नावासाठी बॅकस्लॅश डब्ल्यू प्लस? मी आत्ता "द्राक्ष" वर चालवून बघितलं तर द, र, क, ष अशी चार वेगळी उत्तरं आली. असं का होतंय?

गोदाकाठ

@कॉलेजरोड छान केलंस चालवून बघितलंस. पायथनच्या रे मॉड्यूलमध्ये बॅकस्लॅश डब्ल्यू म्हणजे अक्षर, अंक किंवा अंडरस्कोर. मात्रा, वेलांटी, हलंत, अनुस्वार ही युनिकोडच्या हिशोबात अक्षरं नाहीत, खुणा आहेत, त्यांचा वर्गच वेगळा. त्यामुळे "द्राक्ष" मध्ये हलंत आला की तुकडा तुटला, काना आला की तुटला. स्ट्रिंगचं इजअल्फा पण ह्याच कारणाने "मी" ला खोटं म्हणतं. पण "मी" चं इजआयडेंटिफायर मात्र खरं येतं, कारण तिथे नाव कशाने सुरू होऊ शकतं आणि पुढे काय चालतं ह्याचे युनिकोडचे स्वतंत्र नियम लावलेत आणि पुढे चालणाऱ्यांत खुणा धरल्यात. म्हणून एखादं कॅरेक्टर नावाच्या मध्ये चालतं का हे बघायला त्याच्या आधी एक साधं अक्षर जोडून इजआयडेंटिफायर विचारायचं. नाहीतर बाहेरचं रेगेक्स नावाचं मॉड्यूल घे, त्यात बॅकस्लॅश डब्ल्यू खुणांनाही घेतं.

अंकांचं पण बघ. इजडिजिट नको, इजडेसिमल वापर. घातांकाचा वरचा छोटा २ इजडिजिटला चालतो पण त्याचा इंट करायला गेलं की एरर. देवनागरी १२ चा इंट मात्र सरळ होतो, फ्लोट पण होतो.

दिंडोरी_रोड

= घेतलं. कोलनमाळ पण घेतली, कोड अर्धा झाला त्याने. @गोदाकाठ ताई, पायथनचा इंट अर्धे इंग्रजी अर्धे देवनागरी अंक पण गुपचूप घेतो असं दिसतंय. ते चालू ठेवायचं का?

गोदाकाठ

नको. एका टोकनमध्ये एकाच लिपीचे अंक. देवनागरी १ आणि इंग्रजी ९ लहान फाँटमध्ये किती सारखे दिसतात बघा. मिसळ दिसली की थांबवा आणि तसं सांगा. फाइलमध्ये दोन्ही असू देत, एका आकड्यात नकोत.

निफाडकर

नवीन बिल्ड टाकली. माझ्या फाइलमध्ये मेसेज आलाय, "अनोळखी नाव: वाऱ्याचा_वेग". मी ओळ तपासली, स्पेलिंग बरोबर आहे, तुमच्या नमुन्याशी अक्षर न अक्षर जुळवलं. तुमच्या नमुन्यातून कॉपी करून टाकलं की चालतं, हाताने टाइप केलं की नाही. असं कसं?

दिंडोरी_रोड

@निफाडकर दादा, ती ओळ मला तशीच पाठवा, फोटो नको, टेक्स्ट.

दिंडोरी_रोड

सापडलं, आणि हे सगळ्यांनी बघण्यासारखं आहे म्हणून नीट लिहितो.

वाऱ्याचा मधला तो अर्धा र, आडव्या भुवईसारखा दिसणारा, दोन प्रकारे साठवता येतो. एक प्रकार: ऱ (युनिकोड ०९३१), हलंत, य. दुसरा प्रकार: साधा र (०९३०), हलंत, मग न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर (२००डी), मग य. काही कीबोर्ड पहिला टाकतात, काही दुसरा. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब. माझ्या फाइलमध्ये पहिला आहे, दादांच्या फाइलमध्ये दुसरा.

मला वाटलं होतं युनिकोडचं नॉर्मलायझेशन आहेच, एकाच अक्षराची वेगवेगळी साठवण एकसारखी करणारं एनएफसी लावलं की झालं. नाही होत. एनएफसी काय करतं तर र आणि नुक्ता (खालचं टिंब) वेगळे आले असतील तर त्यांचा ऱ करतं. पण जॉइनरवाला प्रकार त्याच्या लेखी वेगळाच मजकूर आहे, तो तसाच राहतो. इजआयडेंटिफायर लावलं तर जॉइनरला नावात परवानगीच नाही, त्यामुळे नाव तिथेच तुटायचं. मी जॉइनर चालू दिला होता म्हणून निदान पूर्ण नाव तरी मेसेजमध्ये दिसलं.

ॲ चंही तसंच आहे. युनिकोड ५.१ मध्ये, २००८ ला, ॲ साठी स्वतंत्र कोड आला (०९७२). त्याआधीपासून लोक अ वर चंद्र देऊन लिहितात, अजूनही बरेच कीबोर्ड तसंच टाकतात. एनएफसी या दोघांनाही एक मानत नाही. आमच्याकडे ॲसिड_टाकी नावाची की आहे, लॅटरल साफ करायला ॲसिड सोडतात त्यासाठी, ती पण उद्या हीच तक्रार घेऊन आली असती.

आता विचारतो, हे दुरुस्त कुठे करायचं? स्कॅनरमध्ये?

सातपूर_फर्मवेअर

स्कॅनरने मूळ मजकुराला हात लावायचा नाही असं माझं ठाम मत. पूर्ण फाइल वाचतानाच बदललीत तर बाइटचा हिशोब मूळ फाइलशी जुळत नाही, आणि अवतरणातला मजकूर पण बदलतो, बागेचं नाव मालकाने लिहिलंय तसंच राहिलं पाहिजे.

गोदाकाठ

बरोबर. टोकनमध्ये मूळ मजकूर तसाच राहू दे, आणि फक्त नाव-टोकनसाठी "तुलनेचं रूप" वेगळं काढा. की शोधताना तेच रूप वापरायचं, मेसेजमध्ये मूळ दाखवायचं. रूप काढायचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्यांदा एनएफसी. मग र, हलंत, जॉइनर असं त्रिकूट दिसलं की त्याचं ऱ, हलंत करायचं. मग अ आणि चंद्र यांचा ॲ. आणि सगळ्यात शेवटी उरलेले जॉइनर आणि नॉन-जॉइनर काढून टाकायचे. हे शेवटचं आधी केलंत तर दऱ्या चा दर्या होईल, दोन वेगळी नावं एक होतील. शेवटी केलं तर धोका नाही, कारण नावात उरलेला जॉइनर बहुतेक अर्धं अक्षर कसं दिसावं एवढंच सांगत असतो.

दोन नावं रूप काढल्यावर सारखी झाली तर फाइल तिथेच थांबवा, "हे नाव ओळ अमुकवर आधीच आहे" असं सांगून.

निफाडकर

आता चालतंय, हाताने टाइप केलेलं पण. आभारी आहे. अजून एक, आमच्याकडे बरेच जण वेळ ५.३० अशी लिहितात, पत्रिकेवर असते तशी. आणि माझ्या मुलाने लिहिलेल्या फाइलमध्ये ५ः३० असं आहे, ते चालत नाही म्हणतो.

पाथर्डी_फाटा

दुसरं जे आहे तो कोलन नाही दादा, तो विसर्ग आहे. मराठी कीबोर्डवर पटकन तोच लागतो.

दिंडोरी_रोड

हो, आणि विसर्ग ही खूण असल्यामुळे नावात चालते. आधीच्या नमुन्यात कीच्या मागे कोलन होता तेव्हा "सुरूः" असं अख्खं नाव तयार झालं असतं. = केल्यामुळे तिथला प्रश्न गेला पण आकड्यांच्या मधला राहिलाच. अंकाला लागून विसर्ग आला तर त्याचा दुसरा काही अर्थच होत नाही, मग कोलन समजून घेऊन टाकू का?

सातपूर_फर्मवेअर

माझं म्हणणं नाही. अंदाज करायला लागलो की आज विसर्ग, उद्या अर्धविराम, परवा अजून काहीतरी. या फाइलवर मोटार चालते. जे लिहिलंय ते नियमात बसत नसेल तर थांबायचं आणि काय लिहायचं ते सांगायचं.

गोदाकाठ

मीही थांबवण्याच्या बाजूची, पण स्कॅनरने विसर्ग ओळखायचा मात्र जरूर. नुसतं "अनपेक्षित चिन्ह" म्हटलं तर निफाडकर दादांच्या मुलाला काहीच कळणार नाही, त्याला ते कोलनच दिसतंय. अंक, विसर्ग, अंक असं दिसलं की त्यासाठी वेगळं चूक-टोकन काढा, पूर्ण ५ः३० एका टोकनमध्ये, म्हणजे मेसेज देता येईल आणि पुढची फाइल वाचणं पण चालू राहील. एका वेळी एकच चूक दाखवणारा प्रोग्राम शेतात फार वेळ खातो.

५.३० चं वेगळं आहे. स्कॅनरसाठी तो साधा दशांश आकडा, कारण ईसी = १.२ (पाण्याची विद्युतवाहकता) ही व्हॅल्यू पण तशीच दिसते. इथे मूळ मजकूर ठेवल्याचा उपयोग होतो, फ्लोट केला असता तर ५.३० आणि ५.३ एकच झाले असते. सुरू या कीला दशांश मिळाला की तिथे सांगायचं "वेळ ५:३० अशी लिहा". आपोआप बदलू नका. कोणी ५.५ लिहिलं तर त्याच्या मनात साडेपाच आहे की पाच वाजून पाच मिनिटं की पाच पन्नास, आपण कोण ठरवणार.

कॉलेजरोड

चुकीच्या जागेखाली बाणाची खूण दाखवायची असते ना कंपायलरसारखी, ती माझ्या टर्मिनलवर भलतीकडेच येतेय.

सातपूर_फर्मवेअर

येणारच. तुझंच "द्राक्ष" घे. बाइट २१. कोड पॉइंट ७: द, हलंत, र, काना, क, हलंत, ष. युनिकोडच्या जुन्या नियमाने अक्षरगट ४, आणि २०२३ च्या १५.१ पासून जोडाक्षरं न तोडायचा नियम आला त्याने २, द्रा आणि क्ष. आणि टर्मिनल स्वतःच्या मनाने किती रकाने घेईल ते अजून वेगळंच, फाँटवर पण अवलंबून. कुठलाही आकडा घेतला तरी बाण सगळीकडे नीट बसत नाही. बाण सोडून दे, ओळ क्रमांक दे आणि चुकलेला तुकडा अवतरणात छाप. एडिटरशी बोलायचं असेल तेव्हा वेगळा हिशोब, लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल मुळात यूटीएफ-१६ च्या एककात जागा मोजतो.

पाथर्डी_फाटा

मी आधी विरोधात होतो पण आता यात पडलोच आहे तर माझ्याकडची भर. फाइलच्या सुरुवातीला बीओएम (न दिसणारी खूण) येऊ शकतो, ईएफ बीबी बीएफ हे तीन बाइट. नोटपॅड विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, बीओएमशिवाय सेव्ह करतं पण गावाकडच्या लॅपटॉपवर जुनी विंडोज भरपूर आहे. सुरुवातीलाच असेल तर सोडून द्या, मध्ये आला तर चूक. ओळीचा शेवट दोन्ही प्रकारचा (सीआर एलएफ किंवा नुसता एलएफ) घ्या. व्हॉट्सॲपवरून किंवा वेब पानावरून चिकटवलेल्या मजकुरात न तुटणारी स्पेस येते (००ए०), ती साध्या स्पेससारखी धरा, तिथे अर्थ बदलायचा धोका नाही. वाकडी अवतरणं जोडीने घ्या, वाकड्याने उघडलं तर वाकड्यानेच बंद.

आणि अवतरण बंद करायचं राहिलं तर ओळीच्या शेवटी स्ट्रिंग संपवा. नाहीतर एक अवतरण राहिलं की उरलेली अख्खी फाइल स्ट्रिंगमध्ये जाते आणि मेसेज येतो शेवटच्या ओळीवर.

दिंडोरी_रोड

@पाथर्डी_फाटा हे सगळं घेतो भाऊ, वाकड्या अवतरणांचं जोडीने घ्यायचं विशेष आवडलं.

टेस्टबद्दल सांगा कोणीतरी. मी प्रत्येक टोकनसाठी छोट्या टेस्ट लिहिल्यात पण तेवढ्याने समाधान होत नाहीये.

गोदाकाठ

दोन टेस्ट सगळ्यात जास्त कामाच्या. पहिली: स्पेस आणि कॉमेंटचीही टोकन काढा (पार्सर ती गाळून घेईल), आणि सगळ्या टोकनचा मूळ मजकूर एकापुढे एक जोडला की मूळ फाइल बाइट न बाइट परत मिळाली पाहिजे. एक बाइट जरी हरवला किंवा दोनदा आला तर ही टेस्ट पडते. याचा वरचा फायदा म्हणजे उद्या तुम्ही ॲपमधून एक व्हॅल्यू बदलून फाइल परत लिहिलीत तर बागायतदाराच्या कॉमेंट जागच्या जागी राहतात.

दुसरी: वाटेल तो कचरा स्कॅनरला खायला घाला, अर्धवट तोडलेला यूटीएफ-८ पण. दर वेळी पुढचं टोकन मागितल्यावर निदान एक बाइट पुढे सरकलंच पाहिजे, आणि शेवटी फाइल-समाप्तीचं टोकन आलंच पाहिजे. हाताने लिहिलेला स्कॅनर अडकतो तो नेमका इथे, न ओळखलेल्या बाइटवर जागीच फिरत राहतो. तीन बाइटचं अक्षर मध्येच तुटलेलं असेल तर तुटलेला भाग चूक-टोकनमध्ये टाका आणि पुढे चला.

दिंडोरी_रोड

दोन्ही लावल्या. जोडणीची टेस्ट लगेच उपयोगी पडली, ओळीच्या शेवटचं सीआर एलएफ कसं जातंय ते त्यातून दिसलं. आता मेसेज असे येतात:

```
ओळ ४: "५ः३०" मध्ये विसर्ग आहे, कोलन हवा. ५:३० असं लिहा.
ओळ ६: "१२:६१:४०" ची बेरीज ११३ होते. खताची ग्रेड १०० च्या वर नसते.
ओळ ९: "बाग" चा कंस उघडला तो बंद झालेला नाही.
```

@निफाडकर दादा, तुमच्याकडच्या आणि शेजाऱ्यांच्या जुन्या फाइल असतील तशा पाठवा, दुरुस्त न करता. त्या सगळ्या टेस्टमध्ये टाकतो, लोक खरोखर जसं लिहितात त्याच्यावरच हे चाललं पाहिजे.

निफाडकर

पाठवल्या. काहींत टाइप करून अर्धवट सोडलेल्या ओळी आहेत, त्या पण तशाच ठेवल्यात. मेसेज वाचून माझ्या मुलाने फाइल स्वतः दुरुस्त केली, मला विचारायला आला नाही. एक मागणी आहे, दोन खतं एकत्र सोडायची असतात, ०:५२:३४ + १३:०:४५ असं एका ओळीत लिहिता येईल का?

गोदाकाठ

स्कॅनरला काहीच अडचण नाही, + हे एका बाइटचं टोकन. पार्सरमध्ये खताच्या व्हॅल्यूला यादी करावी लागेल. पण मग एक तपासणी नक्की ठेवा, कॅल्शियम नायट्रेटसोबत त्याच टाकीत फॉस्फेट किंवा सल्फेटवाली खतं चालत नाहीत, साका बसतो आणि ड्रिपर चोक होतात. ती स्कॅनरमध्ये नको, पार्सरमध्येही नको, सगळी फाइल वाचून झाल्यावरच्या टप्प्यात ठेवा.

निफाडकर

बरोबर आहे ताई, ०:०:५० पण त्यात येतं, तो सल्फेटच असतो.

दिंडोरी_रोड

+ आज टाकतो. कॅल्शियम नायट्रेटला अशी ग्रेड लिहीत नाहीत, नावानेच लिहितात, त्यामुळे खताच्या जागी नाव-टोकन पण चालू द्यावं लागेल, ते पण करतो. कोणतं खत कशासोबत चालत नाही त्यासाठी वेगळा धागा काढतो, @निफाडकर दादा तिथे तुम्हीच सुरुवात करा.